पहिला संशय दह्यावर

पहिला संशय मी दह्यावर घेतला. त्यानंतर केळ्यावर, मग पेरूवर, मग माठातल्या पाण्यावर, आणि भलत्याच गुन्ह्यात विहीणबाईंवर. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे बावन्न-त्रेपन्न वर्षांची. आज तेव्हाची मी आठवले की वाटतं, हिला पोलिसात भरती करायला हवं होतं. निरपराध माणसं आत टाकण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

दमा मला चाळिशीत जडला. हिवाळा लागला की छातीत शीळ वाजायची. घरात पाहुणे असले आणि धाप लागली की मी न्हाणीघरात शिरायची, बादलीत नळ सोडायची आणि त्या आवाजाखाली खोकून घ्यायची. बाहेर येऊन म्हणायची, "धुणं भिजवत होते." लेकीला बघायला अक्कलकोटची मंडळी आली त्या दिवशी तर मी दोनदा धुणं भिजवलं. आई दमेकरी म्हटल्यावर सोयरीक मोडेल, ही धास्ती. सोयरीक जमली. घर किराणा दुकानाचं, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच वेगानं बोलणारं. माणसं चांगली होती. मला तेव्हा चांगल्या माणसांचाच जास्त संशय यायचा.

दोन वर्षांनी लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी मनात खोलीसुद्धा आवरून ठेवली होती. अशात एकदा सकाळी चहा पिताना आमच्या ह्यांनी बशीत फुंकर मारत सांगितलं, "ती बाळंतपणाला तिकडंच राहणार म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"म्हणत्यात."

"म्हणत्यात म्हणजे कोण? भिंती?"

"आता मला काय ठाव? तुला दमा हाय. शेगडी, धुरी सोसायची न्हाय म्हणत्यात."

हे मूळचे कुंभारी गावचे. गिरणीत नोकरी करून सोलापुरात म्हातारे झाले, पण काही लपवायचं असलं की ह्यांची बोली गावाकडं पळते. म्हणजे काहीतरी होतं. आणि मुद्दा तसा खरा होता. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, बाळाला ओवा-वेखंडाची धुरी. ज्याला दमा नाही त्याचेही डोळे त्या खोलीत पाणावतात. पण माझी लेक पहिल्या खेपेला माझ्याकडं येणार नाही, आणि हे मला भिंतींकडून कळावं? मी लगेच आरोपी ठरवला. विहीणबाई. त्या मला नेहमी "ताई, तब्येत बरी की?" असं विचारायच्या. एवढ्या काळजीनं कोण विचारतं?

लेकीला तिसरा महिना होता. सातव्यात ओटी भरायला ती यायची होती. माझ्या हातात चार महिने होते. तेवढ्यात दमा घालवायचा आणि विहीणबाईंच्या हातातलं कारणच काढून घ्यायचं, असं मी ठरवलं. दमा घालवायचा म्हणजे जसा काही तो भाडेकरू होता.

पथ्य मी स्वतःच्या अधिकारात सुरू केलं. शेजारची तेलुगू बोलणारी मैत्रीण म्हणाली, दही बंद. माझी मावशी म्हणाली, केळं बंद. भाजीवाली म्हणाली, पेरू तर विषच. मी सगळ्यांचं ऐकलं. आंबट म्हणून ताक गेलं, थंड म्हणून काकडी आणि माठातलं पाणी गेलं, वातूळ म्हणून वांगं गेलं, चिकट म्हणून भात गेला. उरली ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण आणि दुधीभोपळा. त्यावर कडी म्हणून मी शेंगाचटणीही सोडली. त्या दिवशी सुनेनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सोलापूरच्या बाईनं शेंगाचटणी सोडली तर घरच्यांना आधी ताप आलाय असंच वाटणार.

महिन्याभरात गळून गेले. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागले. आणि धाप? ती होतीच. पण एक गंमत माझ्या लक्षात आली. धाप बुधवारी जास्त लागायची.

बुधवारी काय असतं? मंगळवारी बाजार. शेंगदाणे, मिरची, लसूण मी स्वतः निवडून आणायची आणि बुधवारी उखळात चटणी कुटायची. मी कुटण्यात गुंतलेली, म्हणून त्या दिवशी स्वयंपाक सुनेकडं. झालं! मला धागा सापडला. सून बुधवारी माझ्या ताटात गुपचूप काहीतरी घालत होती. मी आमटीचं पातेलं हुंगायला लागले.

"आत्या, काय शोधताय?" सून विचारायची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"दही."

"आमटीत दही कोण घालतं, आत्या?"

"तेच मी विचारतेय."

बिचारीनं एका बुधवारी माझ्यासमोर बसून, मला एकेक डबा उघडून दाखवत आमटी केली. त्या रात्रीही धाप लागली. माझा संशय कमी झाला नाही. उलट वाटलं, पोरगी हुशार आहे.

शेवटी तीच मला ओढून सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. म्हणजे आणखी एक संशय. तिनं मला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, दोनतीनदा. मग दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, धाप असो वा नसो. दुसरा निळा, धाप लागली की घ्यायचा. मग खाण्याचं विचारलं. मी माझी यादी अभिमानानं सांगितली.

"काकू, दही खाल्लं आणि धाप लागली, असं तुम्ही स्वतः कधी पाहिलंय?"

"पाहिलं नाही. पण सगळे दह्याचंच नाव घेतात की."

"मग पुरावा कुठाय?" ती म्हणाली. "एखाद्याला एखादी वस्तू बाधते, ते खरं. पण बाधणारी वस्तू दरवेळी बाधते. तुम्ही तर सगळ्या गल्लीला शिक्षा केलीय. तुमचं वजन थोडं उतरायला हवं, त्यानं श्वास हलका होईल. पण उपाशी राहून नाही. भाज्या खा, फळं खा, डाळी खा. तळलेलं आणि गोड हात राखून. आणि व्यायाम करा. हळूहळू वाढवा."

"दम्याला व्यायाम?" मी सुनेकडं पाहिलं. दोघींनी संगनमत केलेलं दिसत होतं.

"हो. चालेल तेवढा."

घरी येऊन मी रोजचा पंप डाळीच्या डब्यामागं ठेवून दिला. पंपाची सवय लागते, हे मला मावशीनं सांगितलं होतं. मावशी शिकलेली नव्हती, पण ती माझ्या बाजूची होती. उरला व्यायाम. आता व्यायाम म्हणजे काय? मैदानात पदर खोचून गोल गोल फिरायचं, लोकांनी बघायचं? त्यापेक्षा घरचा व्यायाम होताच की माझा. मुसळ! दोन्ही हातांनी वर, दोन्ही हातांनी खाली, घाम निघतो. म्हणून मी चटणी कुटणं दुप्पट केलं. बुधवारी कुटायची आणि शनिवारीही. शेजारणींना डबे दिले, ह्यांच्या मित्रांना दिले, आणि एसटीनं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर एक मोठा डबा विहीणबाईंनाही धाडला. बघू दे म्हटलं, माझ्या दंडात किती ताकद आहे.

आता धाप बुधवारी आणि शनिवारी लागायला लागली. शनिवारचं कारण मला वेगळं सापडलं. त्या दिवशी हे मारुतीला जाऊन येताना भजी आणायचे. मी भजी खात नव्हते, पण वास तर येतो.

महिन्यानं परत डॉक्टरीणबाईंकडं गेलो. धाप लागेल त्या दिवशी तिनं मला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला सांगितली होती. कॅलेंडर गुंडाळून नेलं होतं. तिनं ते टेबलावर पसरलं.

"बुधवार, शनिवार. बुधवार, शनिवार. ह्या दिवशी काय असतं काकू?"

"काही नाही. शेंगाचटणी करायची असते."

"चटणी खाता?"

"छे! दोन महिने जिभेला लावलेली नाही."

"खात नाही, बरं. मग करतं कोण?"

"मीच की."

"कशी?"

आता कुणी असं विचारलं तर मी थांबते होय? मी सगळं सांगितलं. लाल मिरच्या तव्यावर कशा खरपूस भाजायच्या. त्यांच्या तिखट धुराची खाट शेजारी जाऊन लोक ठसकतात म्हणून मी खिडकी-दार कशी लावून घेते. मग उखळावर वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन कसं कुटायचं, म्हणजे दाण्याला तेल कधी सुटतं ते दिसतं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. सून भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"म्हणजे," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाली, "खिडक्या बंद करून, मिरचीच्या धुरात, आठवड्यातून दोनदा, तासभर."

"दीड तास," मी म्हणाले. "व्यायाम म्हणून वाढवलाय."

"आणि रोजचा पंप घेता ना?"

"घेते की."

"डाळीच्या डब्यामागं आहे, डॉक्टर," सून म्हणाली. "खोकंसुद्धा फोडलेलं नाही."

एक संशय तरी माझा खरा निघाला. ती माझ्यावर पाळत ठेवून होती.

चटणी खाणं सोडलं आणि कुटणं वाढवलं. घरी आल्यावर ही गोष्ट सुनेनं जेवताना सगळ्यांना सांगितली, साभिनय, पदर खोचून. हे इतके हसले की त्यांनाच ठसका लागला. मी मुकाट्यानं दुधी खाल्ला.

त्या दिवसापासून उखळ अंगणात गेलं आणि मुसळ ह्यांच्या हातात. नाकाला टॉवेल बांधून हे कुटायला बसायचे. "गिरणीत एवढं काम केलं न्हाय कधी," असं म्हणायचे. मी आत, दार लावून. रोजचा पंप मी घ्यायला लागले, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यावर चूळही भरायला लागले. पहिले आठ दिवस संशयानं, नंतर संशय विसरून. बुधवार शांत झाले. तरी मी त्यांच्याकडं डोळे वटारून बघत राहिले.

मग चालणं. घराजवळच्या शाळेच्या मैदानावर. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि मी कठड्यावर बसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सुरुवातीची पाच मिनिटं लग्नाच्या वरातीसारखं चालायचं, मग वेग. निघण्याआधी निळा पंप. बोलता येईल इतकीच धाप. मी बोलत होतेच. पंधरा दिवसांत एक फेरी, महिन्यात तीन.

हे माझ्यामागं दहा पावलांवर चालायचे. बरोबर कधीच नाही. आणि मी वळले की ह्यांचा फोन खिशात. एकदा मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं थांबले, तेव्हा ऐकू आलं, "आज अडीच. मधी एकदा बसली. व्हय, व्हय, तोंड निळंबिळं न्हाय."

माझा नवरा शत्रूला मिळाला होता. माझ्या फेऱ्या रोज अक्कलकोटला कळवल्या जात होत्या.

त्या दिवसांत मी खाण्याच्या आरोपींची सुनावणीही घेतली. एका दुपारी घड्याळासमोर स्टूल घेतलं, मांडीवर निळा पंप ठेवला आणि एक केळं खाल्लं. तासभर केळ्याकडं, म्हणजे त्याच्या सालीकडं, बघत बसले. काही झालं नाही. दोन दिवसांनी वाटीभर दही. काही नाही. पेरू, काकडी, भात, सगळे निर्दोष सुटले. हे सगळ्यांनी करायचं नाही बरं का, ज्याला खरंच काही बाधतं त्यानं घरात असले खटले चालवू नयेत. मलाही नंतर डॉक्टरीणबाई रागावली. अपराधी एकच सापडला, आणि तो पदार्थ नव्हताच. उशिरा पोटभर जेवून लगेच आडवं व्हायचं, ही माझी सवय. आंबट घशाशी आलं की खोकल्याला निमित्त मिळायचं. म्हणजे इतके महिने दही तुरुंगात आणि मी बाहेर.

चार फेऱ्या झाल्या त्या आठवड्यात मी ह्यांना न सांगता एसटीत बसले आणि अक्कलकोट गाठलं. दुपारची वेळ. लेक आत झोपली होती. विहीणबाई ओट्यापाशी लसूण सोलत होत्या.

"ताई! एकट्याच? तब्येत बरी की?"

"बरी आहे," मी म्हणाले. "चार फेऱ्या चालते. तुम्हाला माहितीच असेल."

"मला कसं माहिती असणार?"

"माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडं येऊ नये, असं तुम्हाला का वाटतं, तेवढं सांगा. समोरासमोर सांगा."

त्यांच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. "अय्यो यव्वा! मी? मी तर दोन महिने तिच्यामागं लागलीये. पहिली खेप माहेरची, आमच्यात बी तीच रीत हाय. उद्या लोक मलाच बोलतील. तुमची लेकच नको म्हणती की!"

मी काही बोलायच्या आत दारात लेक उभी होती. झोपेतून उठलेली, एक हात कमरेवर.

"आई, त्यांना नको विचारू. मीच सांगितलं बाबांना."

"आणि बाबा रोज फोन कुणाला करतात?"

"मला."

विहीणबाईंनी लसणाचं ताट उचललं आणि त्या दुकानाच्या बाजूला निघून गेल्या. बाई खरोखरच चांगली होती. मला तेवढ्यात त्याचाही राग आला.

"दम्याला घाबरलीस?" मी लेकीला विचारलं. "बघ, चार फेऱ्या. दहीसुद्धा खाते."

"फेऱ्या मला पाठ आहेत, आई. मी दम्याला घाबरत नाही. मी नळाला घाबरते."

"कुठल्या नळाला?"

"न्हाणीघरातल्या. मी नववीत होते तेव्हापासून ऐकतेय. तू आत जायचीस, नळ सोडायचीस, आणि मी बाहेर पुस्तक घेऊन बसायचे. वाचत नव्हते. नळ कधी बंद होतोय ते बघायचे. बंद झाला की तू जिवंत." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त लागलं. "तू मला कधीच सांगणार नाहीस किती झालंय ते. मग मी त्या खोलीत पडून बाळाकडं बघू, का नळाकडं कान लावू?"

मी तिच्याकडचा चहा प्यायले आणि परतीच्या एसटीत बसले. वाटेतलं वळसंग येईपर्यंत मी तिच्यावर चिडले होते. त्यापुढं मला दुसरं कुणी चिडायला सापडेना.

सातव्या महिन्यात ती ओटीभरणाला आली. दोन दिवसांसाठी, एकच पिशवी घेऊन. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, गाणी, सगळं झालं. राहण्याचा विषय मी काढला नाही, तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घातले तर म्हणाली, "मीही येते. बसते कठड्यावर."

दोन फेऱ्या झाल्या. मैदानाच्या कोपऱ्यात झाडूवाल्यानं वाळक्या पानांचा ढीग पेटवला आणि वाऱ्यानं सगळा धूर माझ्याकडं आणला. तिसऱ्या फेरीला छाती आवळली. आणि माझे पाय, खरं सांगते, आपोआप घराच्या दिशेला वळले. न्हाणीघराकडं. तेवढं अंतर जमलं असतं. चेहरा कसा ठेवायचा ते मला ठाऊक होतं; बारा वर्षांचा सराव.

मी वळले तशी परत फिरले. लेकीच्या शेजारी कठड्यावर बसले आणि म्हणाले, "छाती आवळलीय. निम्माच श्वास येतोय. ओटीत निळा पंप आहे, तो दे. आणि आपण त्या धुरापासून लांब जाऊ."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. ते म्हणताना मला लाज वाटली, एखाद्यासमोर उघडं झाल्यासारखी. तिनं मला धरून दुसऱ्या टोकाला नेलं, पंप दिला, आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसली.

"आता किती?" तिनं विचारलं.

"बारा आणे."

थोड्या वेळानं परत. "आता?"

"चौदा. चहा मिळाला तर पूर्ण रुपया."

ती हसली नाही. घरी आल्यावर अंघोळ करून तिनं अक्कलकोटला फोन लावला. "आत्या, माझे बाकीचे कपडे पाठवता का? हो, सगळेच. नाही, बाळंतपण झाल्यावरच येईन." मग सुनेकडं वळून म्हणाली, "पण शेगडी नाही, धुरी नाही. आणि त्या न्हाणीघराचं दार आतून लावायचं नाही कुणी."

"कुणी म्हणजे आत्याच की," सून म्हणाली.

नातीचा जन्म सोलापुरात झाला. खोलीत गरम पाण्याची पिशवी होती, निखारा नव्हता. बघायला आलेल्या बायका दारातच नाक वर करून धुरीचा वास शोधायच्या. माझी मावशी तर म्हणाली, ह्या पोरीला जन्मभर सर्दी राहील. नात आता शाळेत जाते, सर्दी इतर पोरांना होते तेवढीच तिलाही होते. दमा माझा आहे तिथंच आहे. गेला नाही, वाढलाही नाही. मी सकाळी पाच फेऱ्या मारते, थंडी जास्त असली तर घरातच हातपाय हलवते, आणि धाप लागली की घरभर ओरडून सांगते. सून म्हणते, पूर्वीचं बरं होतं, नुसता नळ वाहायचा.

लेकीचा मात्र आजही एक संशय आहे. बोलण्यातून बोलणं निघालं की ती थांबते, माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघते आणि विचारते, "आई, त्या दिवशी खरंच छाती आवळली होती ना?"

"मग काय नाटक केलं?"

"नाही, पण नेमकं मी बसलेले असताना? आणि तो धूरही नेमका तेव्हाच?"

मी म्हणते, जा, झाडूवाल्याला विचारून ये. तिनं एकदा खरंच विचारलं. तो म्हणाला, त्याला काही आठवत नाही. तेव्हापासून तिला वाटतं, मी त्यालाही फितवलंय.